धाकटीची चोरओटी

शालू,

तू गेलीस आणि आपल्या ओसरीवर अख्खं परतूर येऊन बसून गेलं. अख्खं म्हणजे अख्खं. धान्याच्या मोंढ्यात माप धरायला माणूस उरला नाही. स्टेशनात गाडी थांबली की उतरलेलं पासिंजर रिक्षा न करता लोंढ्यानं आपल्याच दाराशी. शेजारणींनी चहाचे थर्मास आणून ठेवले, ते मोजताना माझ्या हाताची बोटं संपली आणि पायाची सुरू झाली.

इथं तू असतीस तर लसूण सोलता सोलता, मान वर न करता म्हणाली असतीस, "ताई, वीस-पंचवीस बाया आल्त्या. थर्मास दोन."

बरं. वीस-पंचवीस, आणि थर्मास दोन. पण आता हे म्हणणार कोण? मी बोलायला लागले की उताराला लागलेल्या भरल्या ट्रकसारखी सुटते, हे गावाला माहीत आहे. ब्रेक तुझ्याकडं होता. तो घेऊन तू निघून गेलीस आणि मला उतारावर सोडलंस. थोरल्या जावेशी असं वागतात का?

येणारी प्रत्येक बाई आधी पदर डोळ्याला लावते आणि मग हळूच विचारते, "काय झाल्तं हो?" मी तोंड उघडायच्या आत शेजारची उत्तर देऊन मोकळी, "ती डोक्यातली नळीच नडली म्हणतेत." असा संताप येतो, शालू. ताप होता तो. साधा दिसणारा आणि आठवड्यात माणूस नेणारा. दवाखान्यात संतोषभाऊजी डॉक्टरला रोज पहिला प्रश्न नळीचाच करायचे आणि रोज एकच उत्तर यायचं, नळी चालू आहे. शेवटच्या दिवशीही तेच. तुझं रक्त थकलं, श्वास थकला, उशापायथ्याला बसलेले आम्ही थकलो, ती एकटी मुकाट कामावर होती. तिच्यावर आळ घेणं म्हणजे जन्मभर मोट ओढलेल्या बैलाला चोर म्हणणं.

आपलं एक भांडण मात्र राहून गेलं. तुझं म्हणणं, "ताई, माझी गोष्ट एकदा तरी झाली तशी सांगा. कुण्या माईच्या लेकराला नळी असंल, तर तिला कळाया पाहिजे ना खरं कोणतं अन् तुमचं कोणतं." माझं म्हणणं, झाली तशी सांगितली तर ऐकायला बसतं कोण? मसाल्याशिवायचं वांगं कुणी खातं का? हे भांडण आपण पापड लाटताना केलं, गोधडी शिवताना केलं, एकदा तर आत्याबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनाच्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात केलं. निकाल लागलाच नाही. परवा लागला. ते सांगायलाच बसले आहे, पण आधी सुरुवातीपासून येते, नाहीतर बाहेरच्या माणसाला काय कळायचं.

तू जाफराबादकडच्या खेड्यातून या घरात आलीस. तुझ्या माहेरच्यांनी लग्नाच्या बैठकीत सांगितलं होतं की लहानपणी पोरीच्या डोक्याचं बारीकसं ऑपरेशन झालेलं आहे. आत्याबाईंनी, म्हणजे आपल्या सासूबाईंनी, त्यातलं 'बारीकसं' तेवढं ऐकलं. पुढचं बँडवाल्याच्या सुपारीत बुडून गेलं.

पहिल्या दिवाळीला तुला पाटावर बसवून मी डोक्याला तेल लावत होते. उजव्या कानामागं बोटांना एक टणक उंचवटा लागला, वालाच्या दाण्याएवढा. (मी लोकांना सुपारीएवढा सांगत आले. वालाएवढाच होता.) तिथून खाली मानेच्या कातडीआडून एक दोरीसारखं काहीतरी उतरत गेलेलं.

"ही गाठ कसली गं?"

तू आधी दाराकडं पाहून घेतलंस. मग म्हणालीस, "गाठ न्हाई, ताई. व्हॉल्व हाय."

आपलं दुकान ठिबकच्या पाइपांचं. व्हॉल्व हा शब्द घरात मीठ-मिरचीसारखा. पण तो जावेच्या डोक्यात सापडेल असं कुणाला वाटतं? मग तू सांगितलंस. सगळ्यांच्याच डोक्यात मेंदूभोवती पाणी असतं. नवीन बनतं, जुनं जिरतं. तुझं तान्हेपणापासून जिरेना, डोकं मोठं व्हायला लागलं. म्हणून डॉक्टरांनी आतून नळी घातली, कानामागून, गळ्यावरून, छातीवरून, कातडीखालून थेट पोटात. जास्तीचं पाणी तिथं सुटतं आणि पोट ते पिऊन टाकतं.

"भाऊजींना माहीत हाय?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं."

"मंग?"

"म्हणले, आपल्या दुकानात याच्याहून जाड भेटते."

आपण दोघी अशा हसलो की तेलाची वाटी कलंडली. हसू ओसरल्यावर तू माझा हात धरलास. "आत्याबाईंना नका सांगू. पाठवून देतील मला."

मी तुझ्या वेणीला पेड घालत म्हटलं, "मी सांगितलं तरी खरं कोण मानणार? ही बात माझ्यापाशी बँकेहून सुरक्षित." तेव्हा ते गमतीनं म्हटलं होतं.

कारण माझी कीर्ती तुला येऊन महिनाभरातच कळली होती. आत्याबाईंचा नियमच होता, थोरलीचं निम्मं सोडून द्यायचं आणि उरलेल्याचं निम्मं पाहुण्याला वाढायचं. आपल्या मळ्यातल्या विहिरीत मी मगर पाहिली होती, ती गोष्ट तर त्या दर लग्नात माझ्याकडून सांगवून घ्यायच्या आणि शेवटी हळूच म्हणायच्या, "घोरपड व्हती."

पुढं वर्षभरानं तुला मळमळ सुरू झाली. भाकरीचा वास नको, वरण नको, खाल्लेलं उलटून पडायचं. पोट वर आलं. आत्याबाईंची नजर म्हणजे घार. तुझ्या पोटावर एकदा फिरली आणि त्यांनी तोंडातली मिश्री थुंकून मला डोळा घातला. पाळी तुझी पहिल्यापासूनच पुढंमागं व्हायची, त्यामुळं हिशेब कुणीच धरला नाही. तू मेडिकलातून पट्टी आणून चाचणी केलीस, एकच रेघ आली. तू ते आत्याबाईंना सांगितलंस, तर त्या म्हणाल्या, "पट्टी खोटी, पोट खरं. आम्ही काय पट्ट्या बघून लेकरं काढली का?"

आणि त्यांनी चोरओटी भरायचं ठरवलं. तिसऱ्या महिन्यात, दिवस गेल्याचा बोभाटा करायच्या आधी, घरातल्या घरात गुपचूप भरतात ती. धान्याच्या खोलीत, दार लावून, आपण तिघीच. आत्याबाईंनी मला बजावलं, "कुणाला कळता कामा न्हाई," पण त्यांचं कुजबुजणं म्हणजे रेल्वेचा भोंगा, फाटकावरचा माणूससुद्धा सावध झाला असेल. हिरवा खण, हिरव्या बांगड्या, तांदूळ, हळकुंड, सुपारी, नारळ. त्यांनी ओंजळीनं तुझ्या पदरात तांदूळ घातले तेव्हा तू रडत होतीस. मला वाटलं, आनंदानं.

मग तू दुपारी डाळ निवडता निवडता झोपायला लागलीस. डोकं धरून बसायचीस. पोट एका बाजूला टरबुजासारखं ताठ. मी चार बाळंतपणं जवळून पाहिलेली, त्यातली दोन माझीच. गरोदर बाईचं पोट असं वेडंवाकडं, असं घाईघाईनं येत नाही. मोरीवर धुणं धूत होतो तेव्हा मी तुला गाठलं.

"शालू, हे लेकरू न्हाई."

तू पिळत होतीस तो टॉवेल पिळतच राहिलीस. "मला माहीत हाय, ताई. नळीचं टोक जिथं हाय ना, तिथं ठणकून राह्यलं."

"मंग सांग ना त्यांना."

"कसं सांगू? ओटी भरली त्यांनी. भरलेली ओटी माघारी देते का कुणी?"

"जीव देती का मग तिच्यापायी?"

तू टॉवेल झटकून दोरीवर टाकलास. म्हणून मी ठरवलं, आपणच सांगायचं. भाऊजी घनसावंगीकडं मोसंबीच्या बागेत ठिबक जोडायला गेलेले, फोन लागता लागत नव्हता. मी सरळ आत्याबाईंपुढं जाऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा एक शब्द न वाढवता सांगितलं की धाकटीच्या डोक्यातून पोटापर्यंत नळी आहे, ती पोटात तुंबली असावी, हे पोट त्याचं आहे, दवाखान्यात न्यायला पाहिजे.

आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं, सूप खाली ठेवलं आणि अशा हसल्या की शेजारची बाई भिंतीवरून डोकावली. "ऐकलं का? हिच्या जावेच्या डोक्यातून पोटात पाइपलाइन हाय म्हणे. निम्मं सोडलं तरी अर्धा पाइप ऱ्हातो की." माझे मालक पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "मगर बरी व्हती."

मी तुला हाताला धरून बाहेर आणलं. "तूच सांग. हाय का न्हाई नळी?"

तू आत्याबाईंकडं पाहिलंस, त्यांनी हौसेनं भरलेल्या हिरव्या बांगड्यांकडं पाहिलंस आणि म्हणालीस, "ताई चेष्टा करून राह्यल्या."

शालू, या एका वाक्यासाठी मी तुझ्याशी कधी भांडले नाही. भांडायला हवं होतं. जन्मात एकदा खरं बोलले आणि तू मला भरल्या घरात खोटं पाडलंस. नंतर तू बरी झालीस आणि मला ते उकरायचं जमलं नाही. आता माझं ऐकायला तू नाहीस म्हणून बोलून घेते. राग आला होता, बाई. फार आला होता. आणि त्या रागातसुद्धा मला दिसत होतं की तुझे ओठ पांढरे पडलेत.

मग मी माझं हत्यार काढलं.

संध्याकाळी भाकरी थापताना आत्याबाईंना ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं, "माझ्या मावसबहिणीच्या जावेचं बी असंच झाल्तं. तिसऱ्यातच एवढं पोट. घरच्यांनी दाखवलं न्हाई. निघाली तिळी."

आत्याबाईंच्या हातातली फुंकणी थांबली. "तिळी?"

"तिळी. अन् कुठं? जाफराबादच्या एस्टीत. टेंभुर्णीच्या पुढं गाडी उभी केली. कंडक्टरनं दोन हाफ तिकिटं फाडली अन् पुढं निघाला, तर मागून बाई ओरडली, थांबा मास्तर, आणखी एक येऊन राह्यलं."

"मंग?"

"मंग काय. डायव्हरनं धोतर फाडून दिलं, तिघांना तीन तुकडे."

एस्टीचा ड्रायव्हर धोतर नेसत नाही, हे आत्याबाईंना सुचलं नाही. निम्मं सोडायचंही सुचलं नाही. खरं सांगितलं तेव्हा हसलेली बाई तिळ्यांवर पुरती विश्वासली. "सकाळच्या पहिल्या गाडीनं जालन्याला चला. एस्टीत बिलकुल न्हाई. रेल्वेनं."

जालन्याच्या सोनोग्राफीवाल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. तुझ्या पोटावर यंत्र फिरवता फिरवता थांबल्या आणि विचारलं, "ही नळी कधी टाकली?"

आत्याबाई म्हणाल्या, "कोणती नळी?"

मग त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. ती नजर मी मरेपर्यंत विसरणार नाही. मळ्यात खरंच मगर निघाल्यासारखी.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. बाळ नाही. नळीच्या टोकाभोवती पोटाच्या अस्तरानं पिशवी धरली आहे. पाणी पोटभर पसरायचं आणि जिरायचं, ते आता त्या पिशवीतच साठून राहिलं. खाली जागा संपली म्हणून वर डोक्यात तुंबायला लागलं, झोप आणि डोकेदुखी त्याची. पाण्यात जंतू झालेले असू शकतात. आजच्या आज औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात न्या, असं म्हणून त्यांनी चिठ्ठी लिहिली.

बाहेर बाकावर आपण तिघी. तू मधे. मला वाटलं, आता आत्याबाई बोलतील, आणि त्या बोलल्या की मी मधे पडायचं, ते मी मनात जुळवत होते. त्यांनी विचारलं, "मला काऊन सांगितलं न्हाई तू?"

"तुम्ही ओटी भरली, आत्याबाई. लेकराची ओटी. ती मी खोटी कशी करू?"

आत्याबाईंनी तुझ्या हातातल्या बांगड्या एकेक करून सारख्या केल्या. "येडी हाय का तू? ओटी बाईची भरतेत. लेकराची कुठं भरतेत?"

एवढंच म्हणाल्या आणि माझ्याकडं वळून खेकसल्या, "बघत काय बसलीस थोरले, जल्दी गाडी बघ."

शालू, मी हजार गोष्टी रचल्या असतील. त्यातल्या कुठल्याही सासूच्या तोंडी हे वाक्य घालायचं मला सुचलं नसतं.

औरंगाबादला त्यांनी नळीचं पोटातलं टोक बाहेर काढलं आणि खाटेला टांगलेल्या पिशवीत सोडलं. पाण्यात जंतू निघालेच. ते मरेपर्यंत इंजेक्शनं, आणि तोवर तुझ्या डोक्यातलं पाणी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्या पिशवीत. भाऊजी निरोप मिळाला तसे चिखलाच्या पायांनी आले आणि एखाद्या बागाईतदारासारखे पिशवीजवळ बसले. पण खरी राखण केली आत्याबाईंनी. चष्मा लावून त्या थेंब बघत बसायच्या. नर्स आली की सांगायच्या, "बराबर पडून राह्यलं. आमच्या घरचा धंदाच हाय."

पाणी साफ झाल्यावर डॉक्टर म्हणाले, पोटाची वाट सध्या नको. नवी नळी गळ्याच्या शिरेतून हृदयापर्यंत नेऊ, पाणी रक्तातच मिसळून जाईल. मी तुझ्या उशाशी येऊन सांगितलं, "आता तुझ्या डोक्यातलं सगळं थेट काळजात पडणार."

"ताई, आता तरी वाढवू नका."

"वाढवलं काय यात? डॉक्टरच म्हणले."

"मंग कमी करून सांगा." आणि हसताना टाके ओढले म्हणून मलाच शिवी दिलीस. नर्सनं ऐकली ती.

लेकरू पुढं झालं नाही. त्याचा नळीशी संबंध नाही, असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं होतं, तेही इथं लिहिते, कारण लोकांना जोडायला आवडतं. माझ्या दोन्ही पोरांना मात्र दोन आया मिळाल्या. एक मारायला, एक लपवायला. मारणारी तू होतीस, हे लोकांना पटत नाही, पण यात मी काडीइतकंही वाढवलेलं नाही.

आणि मग तुझ्याकडं माणसं यायला लागली. कुठून कुठून कळायचं त्यांना. तान्ह्या लेकराच्या डोक्यात नळी बसवलेली आई, भेदरलेला बाप. तू त्यांना ओसरीवर बसवून कानामागचा व्हॉल्व दाखवायचीस, गळ्यावरची नळी दाखवायचीस, म्हणायचीस, "बघा, एवढी मोठी झाले, मगरवाल्या जावेसोबत नांदून बी दाखवलं." ('मगरवाली' म्हणजे मी. विहिरीतल्या मगरीवरून.) मग सांगायचीस, पोट फुगलं, उलट्या झाल्या, लेकरू झोप झोप करायला लागलं, ताप आला, तर गॅस म्हणू नका, दात येऊन राह्यले म्हणू नका, ऑपरेशन केलेल्या डॉक्टरकडं जा. नेमकं तेव्हाच मी चहा घेऊन यायचे आणि तिळ्यांची एस्टी सुरू करायचे. माणसं हसायची. भेदरलेला बाप हसला की मला फार बरं वाटायचं. आणि ती गेल्यावर तू चिडायचीस, "त्यांच्या ध्यानात आता कंडक्टर ऱ्हाणार, ताई. पोट ऱ्हाणार न्हाई."

आता परवाचं सांगते.

भाऊजींची मामेबहीण संगीता बदनापूरहून भेटायला आली. मांडीवर तिची तान्ही, टोपरं घातलेली. तिला गेल्या वर्षी नळी बसवली तेव्हा तू स्वतः जाऊन आली होतीस, दुपटं घेऊन. संगीता रडली, डोळे पुसले, आणि तिनं लेकीच्या पोटाला हात लावून नुसतं सांगायचं म्हणून सांगितलं, "हिला बी चार दिसांपासून वारा धरलाय. दूध ठरत न्हाई. हिंग लावला. तुमचं सगळं उरकलं, तेरवी झाली, की दाखवीन एकदा."

मी टोपरं वर केलं. टाळू वर आलेली, ताठ. लेकरू डोळे उघडेना. पोटावर हात ठेवला आणि, शालू, माझ्या हाताला ते पोट ओळखू आलं.

म्हटलं, "संगीता, हे वाऱ्याचं न्हाई. उठ."

ती ओल्या डोळ्यांनी हसली. वाईट हसली नाही, मायेनंच. "वहिनी, तुमचं काय बाई. आज बी?"

मग मी तुझी गोष्ट सांगितली. कंडक्टर नाही, धोतर नाही, सुपारी नाही, वालाचा दाणा. नळी कुठून कुठं जाते. तुला काय काय होत होतं. ओटी कशी भरली. तू घाबरून कशी लपवलीस. सोनोग्राफीत काय दिसलं. सगळं मिळून इतकं लहान निघालं की माझी मलाच भीती वाटली. बाया ऐकत होत्या, पण त्यांच्या चेहऱ्यावर मला तेच ओळखीचं दिसत होतं, आता मगर केव्हा येते त्याची वाट. संगीतानं लेकीला खांद्यावर घेतलं आणि म्हणाली, "बघू, यांना विचारते."

तेव्हा आतल्या खोलीतून काठी वाजली. तू गेल्यापासून आत्याबाई कुणाशी बोलल्या नव्हत्या. उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या.

"थोरली आज कमी सांगून राह्यली."

बायांनी माना वळवल्या.

"हिनं मला तवाच सांगितल्तं, असंच, नीट. मी हसले. शेजारणीला बोलावून हसले. पोट माझ्या डोळ्यापुढं व्हतं अन् मी हसले. ते हिनं सांगितलं न्हाई. मी सांगते." मग संगीताकडं काठी रोखून, "इचारतीस काय नवऱ्याला? त्याच्या पोटात हाय का नळी? चल, उठ. दुःखाचं आम्ही बघू."

दुःखाच्या घरातून जाताना 'येते' म्हणत नाहीत. संगीता तशीच उठली, एक शब्द न बोलता, आणि मी तिच्यामागं अनवाणी जीपच्या अड्ड्यापर्यंत. जीपवाला दाराला टेकून तंबाखू मळत उभा. आत दोनच सीटा भरलेल्या, आणि तुला माहीत आहे, ते लोक माणसावर माणूस बसल्याशिवाय चावीला हात लावत नाहीत. मी सांगितलं, लेकरू फार आजारी आहे, आत्ता निघ. तो म्हणाला, "निघू ना मावशी, आठ सीटा होऊ द्या."

शालू, मी त्याला खरं सांगून पाहिलं होतं. तू साक्षीला आहेस.

मग त्याच्या जवळ गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, या पोरीचा सख्खा मामा आरटीओत साहेब हाय. जालन्यात गाडीची वाट बघून राह्यला. नंबर कळवलाय मी त्याला तुझा."

तंबाखू खाली पडली. जीप अशी सुटली की मागच्या दोघांना बसायला सीट सापडेना. जालना गाठेपर्यंत तिची चाकं जमिनीला लागली नसतील.

लागली असतील. बरं.

रात्र व्हायच्या आत संगीताचा फोन आला. पाण्याची पिशवीच निघाली. पुढं नेलं आहे, टोक बाहेर काढलं, लेकीनं डोळे उघडले आणि सगळा दवाखाना डोक्यावर घेतला. फोन ठेवताना ती म्हणाली, "वहिनी, तो जीपवाला आमाला सोडून बी जाईना. दवाखान्याच्या दारात उभा ऱ्हाऊन मामा कुठं हाय म्हणून इचारून राह्यल्ता."

मी आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "कोण मामा?"

"कुणी न्हाई."

त्या तुझ्या खुंटीकडं, तिथं अजून टांगलेल्या तुझ्या ओढणीकडं बघत बसल्या. मग म्हणाल्या, "धाकटी असती तर रागावली असती."

रागावली असतीस. आणि रागावत रागावत, लेकरू मांडीवर घेऊन, त्याच जीपमध्ये पुढच्या सीटवर बसली असतीस. भांडणाचा निकाल मी असा लावून टाकते, शालू: तुझी गोष्ट झाली तशीच सांगायची, आणि जीपवाल्याचं माझ्याकडं.